धक्क्यावरची ओकारी

आमचे घरमालक मला कधीच आवडले नाहीत, आणि ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल जे गोड गोड बोललं जातं ते तर मुळीच आवडत नाही. परवा शाळेतून येताना नाक्यावर एका बाईने मला थांबवलं आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, ‘‘काय हात होता हो काकांचा! नुसता लावला की माणूस बरा.’’ मी म्हटलं, ‘‘नुसता हात लावून कोणी बरं होत नाही. आणि हे तुम्ही त्यांच्या तोंडावर बोलला असतात तर त्यांनी तुम्हाला फाटकाबाहेर घातलं असतं.’’ बाईचा चेहरा पडला. गावात मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्या माणसाच्या घरात सोळा वर्षं भाड्याने राहिले, त्याच्याशी निदान हजार वेळा भांडले, आणि आता तो उत्तर द्यायला नाही म्हणून कोणीही उठून त्याच्या गळ्यात हार घालावा हे मला चालायचं नाही.

रेवसहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जी लाँच जाते, तिच्यावर ते जन्मभर खलाशी होते. दोर फेकायचा, दोर ओढायचा, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना हात द्यायचा, आणि कोणी ओकलं की बादलीने पाणी मारून फळ्या धुवायच्या. या शेवटच्या कामाची त्यांना मनस्वी चीड होती. त्यांच्याकडे जी काही विद्या होती ती त्या चिडीतून आली होती, दयेतून नव्हे. श्रीवर्धनकडचे एक चाचा, आयुष्यभर परदेशी जहाजांवर स्वयंपाकी राहिलेले, एकदा त्यांच्या लाँचने चालले होते. शेजारच्या बाईला लाँच लागली, तसं चाचांनी तिचं मनगट धरलं आणि ती शांत झाली. काकांनी हे पाहिलं. धक्का आल्यावर, ते कसं करायचं हे नीट शिकवल्याशिवाय त्यांनी चाचांची पेटी खाली उतरवू दिली नाही.

शिकायला तसं फार नव्हतं. तळहात वर करायचा, मनगटाच्या घडीला लागून तीन बोटं आडवी ठेवायची, आणि ती बोटं संपतात तिथे मधल्या दोन शिरांच्या खोबणीत अंगठा रोवायचा. बोटं मात्र ज्याचा हात त्याचीच हवीत. ‘‘माजी बोटं जाडी, पोराची बारीक,’’ ते सांगायचे. ‘‘माज्या बोटानं त्याचा हात मापला तर ठिकान चुकनार.’’ मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या दाबादाबीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण मोजायचं कसं हे या माणसाला कळतं, एवढं मी पहिल्यापासून मान्य केलं होतं.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच, मनगटावर. इथल्या हायस्कुलात नोकरी लागली म्हणून मी मुंबईहून येत होते. लाटा मोठ्या होत्या आणि मी कठड्यावर ओणवी झाले होते. एकाएकी कोणीतरी माझा डावा हात ओढला, माझीच बोटं माझ्याच मनगटावर ठेवली आणि अंगठा असा रुतवला की मी किंचाळले.

‘‘वरडू नको. नाकानं श्वास घे. माज्या लाँचीत ओकायचं न्हाय.’’

‘‘हात सोडा माझा!’’

‘‘कारंजा आला की सोडतो.’’

रेवसच्या समोरचं कारंजा बंदर आलं आणि त्यांनी सोडला. मळमळ थांबली होती. मनगटावरचा लाल वण मात्र तीन दिवस राहिला. उतरताना मी आपलं रीतीप्रमाणे थँक्यू म्हटलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘मना कशाला थँक्यू? तू ओकली असतीस तर धुवायला मनाच लागलं असतं.’’ आठवड्याभराने मी खोली शोधत एका घरी गेले आणि ओट्यावर हेच बसलेले दिसले. परत फिरणार होते. पण गावात दुसरी खोली नव्हती.

त्यांच्या घरात सगळं दोराने बांधलेलं असायचं. फाटक बांधलेलं, गॅसचं सिलिंडर बांधलेलं, तुळशीची कुंडी बांधलेली, आणि अंगणात लावलेली माझी स्कूटर नारळाच्या झाडाला बांधलेली. वारा आला तर? हा एकच प्रश्न त्यांना माहीत होता. गाठी अशा की मारणाऱ्यालाच सुटाव्यात. एकदा परीक्षेच्या दिवशी मला उशीर होत होता, काका कुठे दिसेनात आणि स्कूटर सुटेना. मी घरातून विळी आणली आणि दोर कापला. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्कूटरला नवा दोर होता, पहिल्यापेक्षा जाड.

पाण्याच्या मोटारीचंही तेच. सकाळी साडेसहाला ती सुरू व्हायची आणि रेवसहून निघालेली लाँच कारंजापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ चालायची. त्यांचं सगळं मोजमाप असं लाँचीवर चाले. मी म्हणायची, ‘‘काका, अहो घरात तुमच्यासकट तीन माणसं आहेत, कपडे आहेत, अजून पाच मिनिटं ठेवा.’’ ते म्हणायचे, ‘‘कारंजा गेला.’’ आणि बटण बंद. माझा नवरा स्वभावाने गरीब. तो म्हणायचा, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. मी काही गरीब नव्हते. त्या मोटारीवरून आमची इतकी भांडणं झाली की पलीकडच्या आळीतले लोक साडेसहाला चहाचे कप घेऊन ओट्यावर येऊन बसायचे.

निवृत्त झाल्यावर लोक घरी यायला लागले. दिवस गेलेल्या सुना, एसटी लागणारी पोरं, पनवेलहून केमो घेऊन आलेले एक गुरुजी. काका दाबायचे, पण आधी भरपूर सुनवायचे. काय खाल्लं, कशाला खाल्लं, उपाशी पोटी कोणी प्रवास करतं का, गुरुजी एवढे शिकलेले आनि पानी पन पीत न्हायत. बरं वाटलं की लोक ओट्यावर नारळ, कैऱ्या, कधी पापलेटं ठेवून जायचे. काका ते उचलून ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन टाकायचे. ‘‘मी डाक्टर न्हाय, देव न्हाय, खलाशी हाय. तुजी पापलेटं तू खा.’’ लोकांना वाटायचं, किती निर्मोही माणूस! मला तो निव्वळ उद्धटपणा वाटायचा. कोणी तोंडभरून कौतुक करायला लागलं की त्यांचा चेहरा जो वाकडा व्हायचा, तो मी इतक्या जवळून इतक्या वेळा पाहिला आहे की त्याला विनय म्हणायची माझी तयारी नाही.

त्यांचा एक नियम होता. लाँच धक्क्याला लागली, माणूस खाली उतरला, की एक चहा होईपर्यंत वाट बघायची. पायाखाली जमीन आली की लाँच लागलेला माणूस तेवढ्या वेळात ठीक होतोच. चहा झाल्यावरही जो ओकतो, त्याला लाँच लागलेली नाही. त्याला दुसरं काहीतरी झालंय, त्याला दाबायचं नाही, त्याला दवाखान्यात न्यायचं. एकदा एक धडधाकट व्यापारी असा धक्क्यावर बसून ओकत राहिला. त्याची माणसं काकांना म्हणत होती, दाबा, अजून दाबा. काकांनी टॅक्सी अडवली आणि त्याला आत कोंबला. त्याला हृदयाचा झटका आलेला होता आणि तो वाचला. ही गोष्ट गावात सांगताना लोक म्हणायचे, काकांच्या हाताला कळलं. हे ऐकलं की काका उसळायचे. ‘‘हाताला काय कलतंय? घड्यालाला कलतं! चहा झाला आनि तो थांबला न्हाय, एवढंच!’’

आणखी एक गोष्ट गाव सांगायचं. त्यांच्या बायकोची. काकींना मी पाहिलं नाही, आम्ही राहायला आलो त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं, घरी आणल्यावर त्रास सुरू झाला आणि त्यातच त्या वारल्या. काका म्हणे दोन दिवस, दोन रात्री त्यांच्या उशाशी बसून होते. जेवले नाहीत, उठले नाहीत, बायकोचा हात सोडला नाही. तिने प्राण सोडला तोही त्यांच्या हातात हात ठेवून. हळदीकुंकवाला, लग्नाला, बायका ही गोष्ट सांगायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या. काका समोर असले तर उठून आत जायचे. म्हातारा लाजतो, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची. खोटं कशाला बोलू, नवऱ्याशी भांडताना तर मी ही गोष्ट शस्त्रासारखी वापरायची. ‘‘जा, काकांच्या ओट्यावर बघा जाऊन, नवरा कसा असतो ते.’’

चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. खडे झाले होते. तालुक्याच्या गावी एक खासगी हॉस्पिटल आहे, त्याचं नाव घेत नाही, घेतलं तर आणखी काहीबाही लिहून जाईन. दुर्बिणीतून करतात, चार भोकं पाडतात, तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, काही विशेष नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी शुद्धीवर आला आणि मळमळायला लागलं. भुलीने होतं, सिस्टर म्हणाली. इंजेक्शन दिलं. तरी दर दहा मिनिटांनी उमळी यायची आणि ताज्या टाक्यांवर ताण आला की तो कळवळायचा. ओकारी म्हणजे एरवी किती क्षुल्लक गोष्ट. पोट शिवलेल्या माणसाला एकेक उमळी येताना बघणं काय असतं ते बघितलेल्यालाच ठाऊक.

चारच्या सुमाराला काका आले. मी बोलावलं नव्हतं. मोटार बंद करून, फाटक बांधून, सहा आसनी रिक्षा बदलत बदलत आले होते. माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या नवऱ्याची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली, जागा काढली आणि अंगठा रोवला. मग दुसऱ्या हातावर. अर्ध्या तासात त्याला झोप लागली. विज्ञान शिकवणारी मी भिंतीला टेकून उभी होते आणि रडत होते. सिस्टरने बघितलं आणि काकांना पलीकडच्या खाटेवर नेलं. तिथून पुढच्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वॉर्डाची मनगटं त्यांनी धरली आणि सगळ्यांना शिव्या घातल्या. फेरीला आलेले डॉक्टर हसले. ‘‘काका, तुम्हाला माझ्या स्टाफमध्येच घेतो.’’ काका म्हणाले, ‘‘आजच्या दिसाचं काम हाय माजं. उद्या न्हाय.’’ डॉक्टरांना ती गंमत वाटली. निघण्याआधी काकांनी ती जागा मलाही दाखवली, माझा अंगठा धरून नीट बसवून दिला.

मंगळवारची सकाळ छान गेली. नवऱ्याने चहा घेतला, माझी थट्टासुद्धा केली. अकराच्या सुमाराला त्याला पुन्हा उमळी आली. मग परत. हिरवं पाणी पडायला लागलं, उचकी लागली. सिस्टर म्हणाली, गॅस असेल. डॉक्टर दुसऱ्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनांना गेले होते. तिने फोन केला, बोलली आणि मला सांगितलं, ‘‘सर म्हणतात गॅसच आहे, इंजेक्शन द्या. आणि ते कालचे काका आहेत ना, त्यांना बोलवा म्हणाले.’’ डॉक्टर असं म्हणाले. पोट फाडलेल्या माणसाला बघायला स्वतः यायचं सोडून माझ्या घरमालकाला बोलवा म्हणाले! हा राग मला आज येतोय. त्या दिवशी मी मुकाट्याने फोन लावला.

काका दोनला आले. खाटेवर बसले, नवऱ्याची तीन बोटं मनगटावर ठेवली आणि मग मला विचारलं, ‘‘कवापासून?’’

‘‘अकरापासून.’’

‘‘रात्री?’’

‘‘रात्री काही नव्हतं. सकाळी चहा घेतला त्यांनी.’’

काकांनी ती बोटं एकेक करून उचलली, हात चादरीवर ठेवून दिला आणि उभे राहिले.

‘‘न्हाय दाबनार.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘लाँच कालच लागली धक्क्याला. ही ओकारी वेगली हाय. डाक्टरला बोलव.’’

सिस्टर म्हणाली, ‘‘अहो काका, डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं. इंजेक्शन आत्ताच दिलंय, ते लागू पडेपर्यंत तुम्ही थोडं दाबा, बस.’’

‘‘शिस्टर, पोटाला हात लावून बघ. दगड झालाय.’’

‘‘ते डॉक्टर बघतील ना.’’

‘‘मग बोलव ना त्याला!’’

वॉर्डातले सगळे बघायला लागले. तेवढ्यात नवऱ्याला मोठी उमळी आली, त्याने माझा दंड धरला, नखं रुतली. मी म्हटलं, ‘‘काका, पाया पडते. डॉक्टर येतील तेव्हा येतील. तोवर दाबा. तळमळतायत हो ते.’’

‘‘तलमलू दे.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘‘तलमलू दे त्याला,’’ ते पुन्हा म्हणाले. ‘‘तलमलला तर कोनी बघल.’’

माझं डोकं फिरलं. तोवर झालेली सगळी भांडणं त्या एका भांडणापुढे काहीच नव्हती. मी भर वॉर्डात ओरडले. विक्षिप्त म्हातारा म्हणाले, दगड म्हणाले, याच्या पोटात माणुसकी म्हणून नाही म्हणाले. आणि मग ते बोलले जे बोलायला नको होतं. ‘‘स्वतःच्या बायकोचा हात दोन दिवस सोडला नाहीत म्हणून सगळा गाव तुम्हाला ओवाळतो! माझा नवरा परका, म्हणून त्याने तळमळायचं?’’

मी त्यांच्याकडे पाठ फिरवली, नवऱ्याचा हात घेतला, त्याची बोटं मोजली आणि आदल्या दिवशी त्यांनीच शिकवलेल्या जागेवर अंगठा रोवला. सगळा जीव एकवटून दाबला. थोड्या वेळाने त्याची मूठ सैल झाली. उमळी थांबली. त्याने डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, ‘‘बघा, थांबलं की.’’ आणि ती तिच्या टेबलाकडे जायला वळली.

तेवढ्यात काका माझ्या अंगावर आले. त्यांनी माझं बोट धरून पिरगाळलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण दोर ओढलेले हात ते. ‘‘सोड! बाय, सोड हात!’’ मी सोडेना. नवरा कण्हत होता, कोणाची तरी बायको ओरडत होती, वॉचमन धावत आला. आणि मी, मीच त्याला म्हटलं, ‘‘या माणसाला बाहेर काढा.’’

वॉचमनने आणि एका वॉर्डबॉयने त्यांना दंडाला धरून ओढलं. दारात त्यांनी चौकटीला हात घातला आणि तिथून ओरडले. त्यांचा आवाज रडल्यासारखा नव्हता. त्यांना राग आला होता, माझ्याइतकाच.

‘‘दाबून दाबून गप केली मी तिला! दोन दिस! थांबली ना ओकारी, वैनी बरी हाय, सगले म्हनत व्हते. आत सडत व्हती ती. माज्या हाताखाली गप पडून मेली. सोड त्याचा हात!’’

माझा अंगठा सुटला.

दोन मिनिटं काही झालं नाही. मग नवरा अर्धा उठून बसला आणि त्याने सगळी चादर भरवली. हिरवं, काळपट, घाण वासाचं. मी हात लावला नाही. सिस्टरला म्हटलं, ‘‘लावा फोन. तुम्ही नाही लावलात तर मी पोलिसांना लावते.’’ मी त्याच्या पोटावर हात ठेवला. दगड होतं. सिस्टरनेही ठेवला, आणि तिचा चेहरा उतरला.

साडेचारला डॉक्टर आले. पोट नुसतं बोटाने ठोकलं आणि सरळ ऑपरेशनच्या खोलीत न्यायला सांगितलं. आतड्याला बारीक भोक पडलेलं होतं, पहिल्या ऑपरेशनात. पोटात सगळं पसरायला लागलं होतं. मदतीला बोलावलेले दुसरे, वयस्क सर्जन मला बाहेर येऊन म्हणाले, ‘‘उद्यापर्यंत थांबला असता तर काही हातात नव्हतं.’’ आमच्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला घरी सोडताना काय सांगितलं? ‘‘वेळेत लक्षात आलं, हे नशीब.’’ लक्षात आलं! कोणाच्या लक्षात आलं? ज्याच्या लक्षात आलं त्याला तुमच्या वॉचमनने दंडाला धरून जिन्याखाली घातला होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

आणि घातला होता तो माझ्या सांगण्यावरून. हे मी अजून विसरलेले नाही, विसरायचंही नाही.

नवरा सतरा दिवसांनी घरी आला. रिक्षातून उतरलो तेव्हा काका ओट्यावर होते. त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग मला म्हणाले, ‘‘टाकी भरून ठेवलीय,’’ आणि आत गेले. पुढे पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलायला गेले की ते काहीतरी काम काढून निघून जायचे. गावात तोवर नवी गोष्ट तयार झाली होती. काकांनी नुसता हात धरून ओळखलं, आतडं फाटलंय म्हणून. मी भेटेल त्याला सांगत होते, त्यांनी हात धरला नाही, हात सोडायला लावला. कोणाला ते ऐकायचं नव्हतं. हात धरण्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते.

शेवटी एका सकाळी मी त्यांना मोटारीपाशी गाठलं. मोटार सुरू होती, आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं.

‘‘काका, त्या दिवशी मी काकींवरून बोलले. चुकलं माझं. मला माफ करा.’’

ते बटणाकडे बघत होते. ‘‘काय चुकलं?’’

‘‘सगळ्या वॉर्डासमोर शिव्या घातल्या तुम्हाला.’’

‘‘मी पन तुज्या अंगावर आलो. बोट दुखतं अजून?’’

‘‘दुखतं.’’

‘‘दुखू दे.’’ त्यांनी मोटार बंद केली. कारंजा यायला अजून बराच वेळ होता, माझ्या बादल्या रिकाम्या होत्या, पण मी काही म्हटलं नाही. ते पायरीवर बसले.

‘‘ती गेली तवा घर मानसांनी भरलेलं व्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘माजी आय, तिचा भाव, शेजारची सगली. मना चहा आनून देत व्हती. एकमेकांना सांगत व्हती, बघा कसा बसलाय, नवरा असावा तर असा. मना बी बरं वाटत व्हतं ऐकायला. व्हय, वाटत व्हतं. घरात एवढी मानसं, बाय. तुज्यासारखा एक जरी भांडला असता माज्याशी, ऊठ म्हनला असता, हात पिरगालला असता...’’

गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

‘‘वरडायला कोनतरी लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘मना कोनी मिलला न्हाय.’’